विटांच्या मुंबईतली मोकळी जागा

नाताळच्या सुट्टीआधीच्या शनिवारी, सकाळी अकरा वाजता, मुलुंडला खेळण्यातल्या विटांचं थीम पार्क सुरू झालं. त्यातल्या छोट्या मुंबईत खारदांड्याच्या किनाऱ्यावर एक बाग होती. हिरवळ, दोन बाकं, एक घसरगुंडी. खऱ्या खारदांड्यात त्या ठिकाणी बाग नाही, कधी नव्हती. तिथे मासळी सुकवतात. ही चूक उद्घाटनाच्या तीन दिवस आधी आमच्या लक्षात आणून देण्यात आली होती. ती तशीच ठेवण्याचा निर्णय माझा होता.

त्या पार्कमध्ये मी सहा वर्षं नोकरी केली. त्याआधी बावीस वर्षं एका दैनिकात होते. शेवटची काही वर्षं नकाशे आणि आलेख करणाऱ्या टेबलावर काढली. ते टेबल बंद झालं आणि मी मुलुंडला आले. पदाचं नाव लांबलचक होतं, काम सोपं सांगता येण्यासारखं. छोट्या मुंबईत जे जे बांधलं जाईल ते खरं आहे ना, हे बघायचं. इमारतीला मजले किती, मेट्रोला डबे किती, दुकानाच्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहे का. कागदावर माझी सही झाली की तो भाग चिकटवायला जात असे.

चिकटवणं म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. घरी मुलं विटा नुसत्या एकात एक बसवतात आणि संध्याकाळी सुट्या करून डब्यात भरतात. पार्कमध्ये तसं चालत नाही. रोज शेकडो हात लागणार, धूळ बसणार, फडकी फिरणार. म्हणून विटेच्या डोक्यावरच्या गोल बटणांना एक पातळ द्रव लावतात. त्याने प्लॅस्टिक किंचित विरघळतं आणि दोन विटांची एक वीट होते. मोठ्या इमारती आतून पोकळ असतात, आत लोखंडी सांगाडा असतो, बाहेरून विटांचे थर चढवत जातात. प्रत्येक थराचा वेगळा कागद असतो. वाकडी गोष्ट चौकोनी विटांनी करायची, हे या धंद्यातलं खरं कौशल्य. मुंबईचा किनारा आम्ही पायऱ्यापायऱ्यांनी केला होता. जवळून पाहिलं तर जिना, चार पावलं मागे गेलं की वळण. एकदा चिकटवलेलं काढायचं असेल तर फोडावं लागतं. दुसरा मार्ग नाही.

फोडण्या-जोडण्याचं सगळं काम नीलेशकडे होतं. नीलेश घाटकोपरचा. पंधरा वर्षं अंधेरीच्या स्टुडिओंत सेट उभे करत होता. तिथे सकाळी राजवाडा बांधायचा आणि चार दिवसांनी पाडायचा, अशी सवय. "मॅडम, आयुष्यात पहिल्यांदा असं काहीतरी बांधतोय जे पाडायचं नाही," असं तो पहिल्या आठवड्यात म्हणाला होता.

छोट्या मुंबईतलं माणूस चार बोटं उंच. अशी काहीशे माणसं होती आणि पार्क सुरू झाल्यावर ती रोज चोरीला जाऊ लागली. सकाळी दार उघडण्याआधी हजेरी घ्यावी लागे. सर्वांत जास्त वेळा गायब झाली ती नवरी. त्याखालोखाल वाहतूक पोलीस. मेट्रोत बसलेल्या प्रवाशांना मात्र मी असेपर्यंत कुणी हात लावला नाही.

उद्घाटनाआधीच्या महिन्यात मुलुंडचेच एक निवृत्त गृहस्थ आले होते. त्यांच्या सोसायटीची इमारत छोट्या मुंबईत आहे, हे त्यांना कुठूनतरी कळलं होतं. त्यांनी पट्टी आणली होती. दहा मिनिटं इमारतीभोवती फिरले आणि म्हणाले, "लिफ्टच्या यंत्राची खोली तुम्ही पूर्वेला घेतली आहे. ती पश्चिमेला आहे. मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो, खोलीची किल्ली माझ्याकडे असायची." दुसऱ्या दिवशी त्यांचं टाइप केलेलं पत्र आलं, सोबत गच्चीचा फोटो. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. गच्ची चिकटवलेली होती. नीलेशने ती फोडली, खोली पश्चिमेला बसवली. एक दिवस गेला. गृहस्थ येऊन पाहून गेले आणि पेढे देऊन गेले.

आता खारदांड्याचं. किनाऱ्याच्या त्या भागासाठी माझ्याकडे दोन स्रोत होते. एक छापील नकाशा. त्यावर घरांच्या आणि पाण्याच्या मधल्या पट्ट्यात ‘मोकळी जागा’ असं लिहिलेलं होतं. दुसरा स्रोत म्हणजे आमच्या छायाचित्रकाराने काढलेले फोटो. त्यांत ओढून वर घेतलेल्या, निळं प्लॅस्टिक पांघरलेल्या होड्या होत्या, त्यांच्या पलीकडे चिखलाचं मैदान आणि मैदानात क्रिकेट खेळणारी पोरं. वर्तमानपत्रात आम्हाला शिकवलं होतं, की एका स्रोतावर बातमी लावायची नाही, दोन स्रोत जुळले की लावायची. दोन्ही जुळत होते. रिकामा पट्टा वरून ओकाबोका दिसतो, म्हणून डिझाइनवाल्यांनी तिथे बाग सुचवली. मी सही केली. फोटो आषाढातले होते, हे फोटोंवर लिहिलेलं होतं. मी वाचलंही होतं.

खारदांड्याची एक व्यक्ती मला रोज भेटत होती. हिराबाई अंधेरीला आमच्या सोसायटीच्या फाटकाशी मासळी घेऊन बसत, मी तिथे राहायला गेले त्याच्या आधीपासून. छोट्या मुंबईतल्या कोळणींचं चित्र तयार झालं तेव्हा मी ते मोबाइलवर त्यांना दाखवलं.

"ही कोन?" हिराबाईंनी विचारलं.

"कोळीण. आमच्या पार्कात ठेवणार आहे."

"आमची नाय गो बाय ही. हिचा काष्टा कुठं हाय? आन् पाटी बघ कशी धरलीय, बक्षिसाचा कप मिळाल्यासारी."

चार वेळा चित्र बदललं. चारही वेळा मी त्यांना दाखवलं. लुगड्याबद्दल विचारलं, पाटीबद्दल विचारलं, होडीच्या रंगाबद्दल विचारलं, केसातल्या फुलांबद्दल विचारलं. जागेबद्दल विचारलं नाही. जागेचे माझ्याकडे दोन स्रोत होते. अंधेरीहून खारदांड्याला रिक्षाने अर्धा तास लागतो. मी गेले नव्हते.

ज्यांनी ज्यांनी मदत केली त्यांना आम्ही उद्घाटनाआधीच्या बुधवारी बोलावलं होतं. हिराबाई हिरवं लुगडं नेसून, दागिने घालून आल्या. आधी त्यांनी आपल्या कोळणी पाहिल्या. एकीला बोटाने हलकेच टेकवून म्हणाल्या, "आता कशी बाय दिसते." मग त्या किनाऱ्याकडे वळल्या.

"यो काय?"

"बाग," मी म्हटलं.

"कोनाची?"

"तिथलीच. किनाऱ्यावर ती मोकळी जागा आहे ना, तिथे दाखवली आहे."

"मोकली?" हिराबाई माझ्याकडे बघू लागल्या. "मोकली कवा व्हती ती? ती सुकवायची जागा हाय. वलांड्या कुठं गेल्या? माझी सासू तिथं वलांडी बांधायची, तिच्यामागं मी बांधते."

वलांडी म्हणजे बोंबील सुकवायची मांडणी. बांबूचे उभे वासे, त्यांना आडव्या काठ्या आणि दोऱ्या. दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून जोडीने टांगतात. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, ऊन नसतं, तेव्हा वलांड्या उतरवून ठेवतात. पाऊस संपला की त्याच खड्ड्यांत पुन्हा उभ्या करतात. कुणाची वलांडी कुठे, हे ठरलेलं असतं. ते कुठल्या कागदावर नसतं.

मी म्हटलं, "आमच्या फोटोंत तिथे काहीच नव्हतं."

"फोटो कवाचं?"

"आषाढातले."

"मंग काय दिसनार? आषाढात माझ्या चुलीवर पन मासली दिसत नाय."

नीलेश हसला. हिराबाई हसल्या नाहीत. त्यांनी पुढे जे सांगितलं ते मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं होतं. जमिनीची मोजणी करणारे सरकारी लोकही पावसाळ्यातच येऊन गेले होते. त्यांनीही कागदावर मोकळी जागा लिहिलं होतं. गावाने हरकत घेतली होती, अर्ज दिला होता, सुनावणी व्हायची होती. ती जागा मोकळी ठरली तर तिच्यावर उद्या दुसरं काहीही येऊ शकत होतं.

"शनिवारी तुमचा पाव्हना कोन येनार?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. ज्या कार्यालयात तो अर्ज पडून होता तिथलेच एक वरिष्ठ अधिकारी प्रमुख पाहुणे होते. हिराबाईंना ते आधीच माहीत असावं.

"मंग त्याला वलांड्या दिसू दे. दुसरं काय नको."

मी नीलेशला बाजूला घेतलं.

"फोडावं लागेल, मॅडम. छिन्नीने. बागेच्या खालून होड्या फिरवणारा यंत्राचा पट्टा जातो, तो काढावा लागेल. गुरुवार-शुक्रवार दोन्ही जाणार."

"होईल?"

"होईल म्हटलं तर होईल. नाय झालं तर शनिवारी दांड्याला समुद्राच्या जागी भोक. तुम्ही सही करा, मी छिन्नी घेतो."

मी सही केली नाही. दैनिकात पान वेळेवर जातं. चूक राहिली तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापतात. बावीस वर्षं मी तसंच काम केलं होतं. हिराबाईंना मी सांगितलं, की आत्ता जमणार नाही, पण दुरुस्तीसाठी पार्क पहिल्यांदा सलग काही दिवस बंद राहील तेव्हा नक्की करू.

"नक्की म्हंजे कवा?"

"एप्रिलमध्ये."

"एप्रिलमदी," हिराबाई म्हणाल्या. "बाग तरी झाक. काय पन टाक वर."

नीलेश म्हणाला, "तिथे ‘काम चालू आहे’ची पाटी ठेवू, मॅडम. छोटीशी. आहे माझ्याकडे तयार." रस्त्यांसाठी आम्ही तशा पाट्या बनवल्या होत्या. ती ठेवायला एक मिनिट लागलं असतं. उद्घाटनाच्या दिवशी काम अपुरं दिसेल, म्हणून मी तीही नको म्हटलं.

हिराबाईंनी चहा घेतला, कपबशी स्वतः उचलून टेबलावर ठेवली आणि गेल्या.

शनिवारी अधिकारी वेळेवर आले. फीत कापली. छोट्या मुंबईत त्यांनी वीसेक मिनिटं घालवली, प्रश्नही चांगले विचारले. विमानतळापाशी थांबले, मेट्रो सुरू करून पाहिली. खारदांड्याशी आले तेव्हा खाली वाकले.

"वा! इथे बाग आहे, हे माहीत नव्हतं मला."

आमच्या जाहिरात विभागातला एक जण म्हणाला, "छान आहे ना, सर?" मी दोन पावलांवर उभी होते. मी काही बोलले नाही. छायाचित्रकारांनी त्याच क्षणी फोटो काढले, कारण वाकलेल्या माणसाचा फोटो चांगला येतो.

दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात तो फोटो आला. खाली ओळ होती: ‘खारदांड्याच्या किनाऱ्यावरील बागेची प्रतिकृती न्याहाळताना प्रमुख पाहुणे’. ‘खारदांड्याच्या किनाऱ्यावरील बाग’ हे शब्द वार्ताहराचे नव्हते. ते आमच्या प्रसिद्धिपत्रकातले होते. पत्रक मी लिहिलं होतं, हिराबाई येण्याच्या दोन दिवस आधी. बुधवारनंतर ते बदलायचं मला सुचलं नाही.

त्या वर्तमानपत्रात माझा एक जुना सहकारी होता. मी त्याला फोन केला.

"खुलासा द्यायचा आहे, छापशील का?"

"कशाचा?"

"फोटोओळीतली बाग तिथे नाही. तिथे मासळी सुकवतात."

"अगं, खेळण्यातली बाग ना ती?"

"हो."

"मग? खेळण्याचा खुलासा छापू? हसतील लोक." मग त्याने माझ्या तब्येतीची चौकशी केली. खुलासा आला नाही.

सुनावणी फेब्रुवारीत झाली. त्यानंतरच्या आठवड्यात हिराबाई फाटकाशी मासळी साफ करता करता म्हणाल्या, "तुमचा कागद त्यांच्या कागदात हाय."

"कुठला कागद?"

"फोटोचा. साहेब वाकलेला. त्यांचा मानूस म्हनाला, बघा, पेपरात पन बागच लिवलीय. वलांडी कुठं लिवलीय?"

ती फाइल मी पाहिलेली नाही. कात्रण कुणी जोडलं आणि त्याचा निकालावर किती परिणाम झाला, हे मला सांगता येणार नाही. नोंद ‘मोकळी जागा’ अशीच कायम राहिली, एवढं नंतर कळलं आणि त्याची खात्री मी करून घेतली. मी त्या कार्यालयाला पत्र लिहिलं, की छोट्या मुंबईतली बाग ही आमची चूक होती आणि ती चूक माझ्या सहीने झाली. पार्कच्या कागदावर हे लिहायला व्यवस्थापनाने नकार दिला, म्हणून साध्या कागदावर लिहिलं. पोच मिळाली, शिक्का मारलेली प्रत माझ्याकडे आहे. उत्तर आलं नाही.

हिराबाई मासळी घेऊन येत राहिल्या. मला टाळलं नाही, भांडल्याही नाहीत. आधी त्या मला घोळ घे, सुरमई घे म्हणून आग्रह करत. तो मात्र थांबला. मी सांगेन ते देत.

एप्रिलमध्ये पार्क चार दिवस बंद होतं. पहिल्याच दिवशी नीलेशने छिन्नी लावली. बाग तुकड्यातुकड्यांनी निघाली. घसरगुंडी तेवढी अख्खी सुटली. तिचं काय करायचं, असं त्याने विचारलं. ती माझ्या टेबलाच्या खणात राहिली आणि निवृत्त होताना मी तिथेच ठेवली.

या वेळी मी खारदांड्याला गेले. वही घेऊन गेले, सकाळी गेले, ऊन असताना गेले. जागेच्या एका टोकाला नुकतंच निळ्या पत्र्यांचं कुंपण ठोकलेलं होतं. उरलेल्या भागात वलांड्या होत्या. मी दोनदा मोजल्या. नऊ. उंची मोजली, दोन वाशांमधलं अंतर मोजलं, बोंबील किती ओळींत टांगतात ते लिहून घेतलं. हिराबाई त्या वेळी विक्रीला गेलेल्या होत्या. नीलेशने तपकिरी काड्यांच्या नऊ वलांड्या केल्या. बोंबिलांसाठी आमच्याकडच्या रंगांत योग्य रंग नव्हता, म्हणून पांढरे आणि फिके पिवळे तुकडे मिसळले. चार पावलांवरून ते बरोबर दिसत. मी सही केली.

मे महिन्यात हिराबाई आल्या. मी दोनदा बोलावल्यावर आल्या. साधं लुगडं होतं, दागिने नव्हते. किनाऱ्याशी उभ्या राहिल्या आणि बोटाने मोजू लागल्या.

"दोन कमी हायेत."

"मी स्वतः जाऊन मोजल्यात, हिराबाई. नऊच आहेत."

"कवा गेलीस?"

"एप्रिलमध्ये."

"पत्रं मारल्यावर."



हिराबाईंनी काठाशी वाकून दोन ठिकाणी बोट टेकवलं. तिथे आम्ही वाळूच्या रंगाच्या विटा घातल्या होत्या. "ही माझी," त्या म्हणाल्या. "आन् ही माझ्या जावेची."

"आता कुठे सुकवता?" नीलेशने विचारलं.

"गच्चीवर. जाऊ नाय सुकवत. तिनं सोडलं." मग त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "बोंबील चांगलं केलंस तू. पन उलटं टांगलंस. तोंड वर पायजे, शेपट्या खाली. दोगांची तोंडं अडकवतात, शेपट्या नाय."

नीलेशने दोन्ही कान धरले. हिराबाई थोड्या हसल्या. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही, घरी जायचं होतं.

पार्कची साप्ताहिक सुट्टी मंगळवारी असे. पुढच्या मंगळवारी नीलेश आधी चिकटवलेले सगळे बोंबील फोडून काढून नवे, सुलटे टांगत बसला. दुपारपर्यंत ते झालं. मग त्याने हिराबाईंनी दाखवलेल्या दोन जागांवर दोन वलांड्या उभ्या केल्या आणि कागद माझ्यापुढे ठेवला.

"यांना चिकटवू, मॅडम? की सुट्याच ठेवू? उद्या परत काही बदललं तर..."

मी सही केली. छोट्या मुंबईतल्या खारदांड्यात आता अकरा वलांड्या आहेत. शेवटच्या दोनही चिकटवलेल्या आहेत.